फेटमधला सामू आणि ग्लासातला सामू : एका ओपन सोर्स सिम्युलेशनची उलटतपासणी

मागच्या लेखानंतर तिघा-चौघांनी एकच प्रश्न विचारला, "ताई, पेट पास झालो, आता विषय काय घेऊ?" त्यातल्या दोघांना शिक्षणात सिम्युलेशन वापरण्यावर काम करायचं आहे. म्हणजे पेटनंतर फेट! हा विनोद आमच्या विभागात इतका जुना झालाय की आता कोणी हसत नाही. पण विषय गंभीर आहे, आणि मी स्वतः त्यात एकदा चांगलीच आपटले आहे. म्हणून आज फेटच्या एका सिम्युलेशनची नीट समीक्षा करू. "खूप उपयुक्त आहे, मुलांना आवडतं" अशा छापाची समीक्षा नको. ते सॉफ्टवेअर आतून काय करतं आणि त्यावर संशोधन करताना आपण कुठे फसतो, हे पाहू.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फेट हा अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर इथला प्रकल्प. २००१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले कार्ल वीमन यांनी तो २००२ मध्ये सुरू केला. सुरुवातीची सिम्युलेशन्स जावा आणि फ्लॅशमध्ये होती. २०२० च्या अखेरीस फ्लॅश बंद पडलं, तोपर्यंत बरीचशी एचटीएमएल-५ मध्ये आली होती. आज एखादं सिम्युलेशन म्हणजे काही एमबीची एक फाइल. पेनड्राइव्हवर घ्या, शाळेत जा, इंटरनेट नसलं तरी चालतं. बुलढाणा जिल्ह्यातल्या शाळांमध्ये काम करणाऱ्याला या एका गोष्टीची किंमत वेगळी सांगायला नको. बऱ्याच सिम्युलेशन्सचं मराठी भाषांतरही झालेलं आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे या एचटीएमएल-५ सिम्युलेशन्सचा सोर्स कोड गिटहबवर उघडा आहे, जीपीएल परवान्याखाली. कोणीही वाचावा, बदलावा, पुन्हा वाटावा.

या शेवटच्या वाक्यातलं "कोणीही वाचावा" आपण संशोधक कधी मनावरच घेत नाही. मीही घेतलं नव्हतं.

माझा पहिला आराखडा

माझा पहिला सिनॉप्सिस तुमच्यापैकी अनेकांच्या डोक्यात आत्ता जो आहे, अगदी तसाच होता. "इयत्ता नववीच्या विद्यार्थ्यांच्या विज्ञान संपादणुकीवर संगणकीय सिम्युलेशनच्या वापराचा होणारा परिणाम." दोन गट, पूर्वचाचणी, उत्तरचाचणी, टी-मूल्य, ०.०५ स्तरावर सार्थ, शून्य परिकल्पना त्याज्य. अशा प्रबंधांची ग्रंथालयात रांग लागलेली आहे आणि जवळजवळ प्रत्येकात सिम्युलेशनवाला गट जिंकतो. मला वाटलं, आपणही जिंकू.

प्रकरण निवडलं "आम्ल, आम्लारी व क्षार". सिम्युलेशन निवडलं सामू मोजण्याचं, म्हणजे फेटचं पीएच स्केल. पथदर्शी अभ्यासासाठी तालुक्याच्या गावापासून बरीच आत असलेली एक अनुदानित शाळा मिळाली. दोन लॅपटॉप, एक प्रोजेक्टर, आणि वीज असेल तेव्हा वर्ग.

सिम्युलेशन सुंदर आहे, हे आधी मान्य करते. एक मोठं पात्र, वर ड्रॉपर, एका बाजूला पाण्याचा नळ, खाली रिकामं करायची तोटी. यादीतून द्रव निवडायचा : दूध, कॉफी, संत्र्याचा रस, चिकन सूप, हात धुण्याचा साबण, थुंकी, रक्त, उलटी, बॅटरीतलं आम्ल, तुंबलेली मोरी साफ करायचं रसायन. मीटरचं टोक द्रवात बुडवलं की सामू दिसतो. "उलटी" वाचून वर्गात जो हशा पिकला, त्यानंतर पुढची २० मिनिटं एकही पोरगं खिडकीबाहेर बघत नव्हतं.

मग मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. "मॅडम, आमच्या हिरीचं पाणी काहून नाही यात?"

तिचं गाव खारपाणपट्ट्यातलं. जिल्ह्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते : पूर्णा नदीच्या खोऱ्यात, अमरावती-अकोला-बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला हा पट्टा. आपल्याकडे शेगाव, नांदुरा, जळगाव जामोद, संग्रामपूर या बाजूचा भाग. जमिनीखालचं पाणी खारट. तिथल्या पोरांना पाण्याची चव हा पुस्तकातला विषय नाही, रोजचा आहे. तिचा प्रश्न खरा होता, आणि त्याच्यामागे एक परिकल्पनाही होती. दुसऱ्या पोराने ती लगेच बोलूनही दाखवली, "खारं पाणी म्हणजे सामू जास्तच असंन."

आता याला म्हणतात शोधक अध्ययन! चूक असू शकेल अशी परिकल्पना, आणि तपासायची खाज. आणि माझं शोधक अध्ययनाचं सॉफ्टवेअर तिथे गप्प. त्यात मीठ नाही, विहीर नाही. दोन द्रव एकत्रही करता येत नाहीत. नवा द्रव निवडला की पहिला जातो. भर घालता येते फक्त पाण्याची. एका वेगळ्या पडद्यावर स्वतःच्या मनाने सामू ठरवता येतो, पण तिथे "१०" असं ठरवणारे आपणच. मग मोजलं काय?

मी त्या दिवशी "तो प्रश्न नंतर घेऊ" म्हणाले. हे वाक्य वर्गात किती वेळा म्हटलं जातं ते तुम्हाला माहीत आहेच.

ग्लासातला पापडखार

दुसऱ्या दिवशी मात्र लाज वाटून मी थोडं सामान घेऊन गेले. सामूचे कागद, हळद लावून वाळवलेले कागद, लिंबू, मीठ, घरातला पापडखार, आणि गॅरेजमधून बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड पाणी. मिठाच्या पाण्याने कागदाचा रंग फारसा बदलला नाही, सामू ७ च्या आसपास. पापडखाराच्या पाण्याने हळद लालभडक. खारटपणा आणि सामू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे १० मिनिटांत आणि ५-१० रुपयांत स्पष्ट झालं. विहिरीच्या पाण्याचंही तेच. चव कितीही खारट असली तरी चवीवरून सामू ठरत नाही, तो मोजावा लागतो. मुलगी म्हणाली, "मंग खारं आन् खार, दोन अलग." इतकं नेमकं वाक्य मला माझ्या सिनॉप्सिसमध्येही जमलं नव्हतं.

पण खरी गोष्ट यानंतर घडली.

आदल्या दिवशी सिम्युलेशनवर आम्ही साबण घेतला होता. सामू १०. तो ०.१ लिटरपर्यंत कमी केला, नळ सोडून १ लिटर केला. दहापट विरळ. मीटर दाखवतं ९. म्हणजे दहापट पाणी, एक अंक खाली. नियम फळ्यावर लिहिला, वहीत उतरवला.

पापडखाराच्या पाण्याच्या कागदाचा रंग १० च्या चौकटीशी जुळत होता. एका मुलाने आपण होऊन त्यातलं एक माप घेतलं आणि नऊ मापं डिस्टिल्ड पाणी घातलं. कागद बुडवला. रंग जवळपास तसाच. पुन्हा केलं. पुन्हा तसाच.

वर्गावरचे शिक्षक म्हणाले, "कागद जुने असतील." मीही मान डोलावली. माझ्या डायरीत त्या दिवशीची नोंद आहे, "प्रायोगिक चूक, कागदाची गुणवत्ता." त्या मुलाने मात्र वहीत ९ खोडून १० लिहिलं आणि आमच्याकडे एकदा बघून पुन्हा ९ केलं.

नंतरच्या उत्तरचाचणीत माझा एक प्रश्न होता : सामू १० असलेल्या द्रावणात दहापट पाणी मिसळल्यास सामू किती होईल? उत्तरसूचीत ९. ज्यांनी १० लिहिलं त्यांना शून्य. आकडे छान आले, टी-मूल्य सार्थ आलं. गाईड खूश, मी खूश.

कोड उघडल्यावर

दोनेक महिन्यांनी एका अगदी वेगळ्या कारणासाठी (चिकन सूपच्या जागी काही गावातलं घालता येईल का, हे पाहायला) मी त्या सिम्युलेशनचा कोड उघडला. घाबरू नका, मला प्रोग्रॅमिंग येत नाही. वाचायला मात्र फार यावं लागत नाही. एका फाइलमध्ये द्रवांची यादी आहे. प्रत्येकासमोर नाव, सामू आणि रंग. दूध ६.५. कॉफी ५. रक्त ७.४. साबण १०. बस.

म्हणजे मीटर दुधात बुडवल्यावर जो ६.५ दिसतो, तो कुठून निघालेला नाही. तो आधीच लिहून ठेवलेला आहे. मुलं "मोजतात" असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ती एक तक्ता वाचत असतात, फक्त तो तक्ता हलतो आणि रंगीत आहे.

मग या सिम्युलेशनमध्ये खरोखर काढलेला आकडा कोणता? एकच, पाणी घातल्यावरचा सामू. तो कसा काढतात हेही तिथेच दिसतं. ७ पेक्षा कमी सामू असेल तर हायड्रोनियम आयनांची, जास्त असेल तर हायड्रॉक्साइड आयनांची संहती घ्यायची, द्रव आणि पाणी यांच्या आकारमानानुसार तिची सरासरी काढायची, आणि लॉग घेऊन परत सामू. म्हणजे पात्रात नाव काहीही असो, साबण, रक्त, दूध, गणिताच्या लेखी ती एकाच प्रकारची वस्तू आहे. आयन आहेत तेवढेच, पाणी घातलं की विरळ होणार.

तीव्र आम्ल किंवा तीव्र आम्लारीसाठी हे ठीक आहे. पण पापडखार म्हणजे सोडियमचे कार्बोनेट-बायकार्बोनेट क्षार. त्यातला कार्बोनेट आयन पाण्याकडून हायड्रोजन आयन ओढून घेतो आणि हायड्रॉक्साइड मागे ठेवतो. तुम्ही पाणी घालून हायड्रॉक्साइड विरळ केला, की समतोल सरकतो आणि थोडा नवा हायड्रॉक्साइड तयार होतो. कार्बोनेट आणि बायकार्बोनेट दोन्ही पुरेसे असतील तर ते बफर होतं, दहापट पाणी घालूनही सामू जवळपास हलत नाही. नुसतं कार्बोनेट असेल तरी घट एका अंकाची होत नाही, साधारण अर्ध्या अंकाची होते. खायच्या सोड्याचं द्रावण तर ८.३ च्या आसपास बसूनच राहतं.

रक्ताचंही तेच. रक्तात बायकार्बोनेटची बफर व्यवस्था आहे, ती नसती तर आपण हा लेख वाचायला नसतो. सिम्युलेशनमधलं रक्त मात्र पाणी घातलं की निमूटपणे ७ कडे सरकतं.

आणि आपल्या जिल्ह्यातलंच मोठं उदाहरण म्हणजे लोणार. बेसाल्टमध्ये उल्कापाताने झालेलं सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर, त्यात खारं आणि आम्लारीधर्मी पाणी. सामू साधारण १० च्या आसपास नोंदला गेलेला. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं, सगळ्या देशाने फोटो पाहिले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचा संबंध हॅलोआर्किया या क्षारप्रिय सूक्ष्मजीवांशी जोडला. त्याच वर्षी सरोवराला रामसर दर्जा मिळाला. लोणारच्या पाण्याचा आम्लारीधर्म मुख्यतः याच कार्बोनेट-बायकार्बोनेटमधून येतो. इतका पाऊस पडतो, झरे वाहतात, तरी ते पाणी साधं होऊन जात नाही. यामागे बाष्पीभवन, बाहेर न जाणारं पाणी अशी बरीच कारणं आहेत, पण विरळ झाल्यावरही सामू धरून ठेवणारी ही रसायनं त्यातलंच एक. सिम्युलेशनमध्ये "लोणार" नावाचा द्रव घालून सामू १० लिहिला असता, तर थोड्याच पाण्याने त्याची आम्लारीता पळून गेली असती.

म्हणजे त्या दिवशी कागद जुना नव्हता. चूक माझ्या उत्तरसूचीत होती. ग्लासात घडलेलं पाहून ज्याने १० लिहिलं, त्याला मी शून्य दिलं होतं. आणि माझी "सार्थ वाढ" नेमकं काय मोजत होती? मुलं सॉफ्टवेअरशी किती सहमत होतात, ते.

मग सॉफ्टवेअर वाईट का?

नाही. इथे घाई करू नका, मीही आधी केली होती. रागाच्या भरात गाईडना म्हणाले, "सर, फेटच चुकीचं आहे." ते म्हणाले, "नकाशात खड्डे दिसत नाहीत म्हणून नकाशा चुकीचा?"

मुद्दा बरोबर आहे. हे सिम्युलेशन सामूची मोजपट्टी समजावण्यासाठी आहे. एक अंक म्हणजे दहापट, हे डोळ्यांनी दाखवणं हे त्याचं काम, आणि ते काम ते उत्तम करतं. सूक्ष्म पातळीच्या पडद्यावर आयनांच्या ठिपक्यांचं प्रमाण बदलताना दिसतं, ते कुठल्याही फळ्यावर जमणार नाही. शिवाय आपलं मॉडेल कसं चालतं हे समजावणारी फाइल त्यांनी कोडसोबतच ठेवलेली आहे. त्यांनी काही लपवलं नव्हतं, वाचलं मी नव्हतं.

माझी तक्रार दोन गोष्टींची आहे. पहिली, खऱ्या वस्तूंची नावं. यादीत "द्रव अ, द्रव आ" असतं तर कोणी फसलं नसतं. पण दूध, रक्त, साबण असं लिहिलं की मुलाला वाटतं आपण दूधच तपासतोय. नाव खरं आणि वागणूक कल्पित, ही गोष्ट नववीच्या वर्गात कोणीतरी सांगायला हवी, आणि ती पडद्यावर कुठेच लिहिलेली नाही. दुसरी तक्रार "शोधक" या शब्दाबद्दल. सगळी सिम्युलेशन्स शोधाला सारखीच मोकळी नसतात, पण आपण सगळ्यांना एकाच पेटीत टाकतो.

तुलना करा फेटच्याच विद्युत परिपथाच्या सिम्युलेशनशी. तिथे तारा, विद्युतघट, दिवे, रोध तुम्ही हवे तसे जोडता. कोणता दिवा किती पेटेल हे कुठल्याही यादीत लिहिलेलं नाही, ते नियमांवरून दर वेळी काढलं जातं. आत टाकलेले आहेत नियम, बाहेर पडतात परिणाम. मुलाने असा काही विचित्र परिपथ जोडला जो बनवणाऱ्यांच्याही मनात नव्हता, तरी उत्तर मिळतं. सामूच्या सिम्युलेशनमध्ये उत्तरच आत टाकलेलं आहे.

म्हणून माझी आता एकच कसोटी आहे, आणि ती तुम्हीही वापरा. कुठलंही सिम्युलेशन समोर आलं की विचारायचं : यातला कोणता आकडा आत भरलेला आहे आणि कोणता काढलेला आहे? मुलांना जो प्रश्न द्याल तो काढलेल्या आकड्याबद्दलचा असू दे. भरलेल्या आकड्यावर "शोधा पाहू" म्हणणं म्हणजे टेलिफोन डिरेक्टरी देऊन संशोधन करायला सांगणं.

बंद सॉफ्टवेअरमध्ये ही कसोटी लावताच येत नाही. ओपन सोर्सचा संशोधकाला खरा फायदा इथे आहे. फुकट मिळतं हा त्यातला सगळ्यात छोटा फायदा. आपण मात्र प्रबंधात "सदर सॉफ्टवेअर मुक्तस्रोत व विनामूल्य असल्याने निवडले" एवढं लिहून पुढे जातो.

संदर्भ साहित्य वाचताना काय सुटतं

सिम्युलेशनवरच्या प्रबंधांत एक शोधनिबंध हमखास येतो. २००५ सालचा, नोआ फिंकेलस्टाइन आणि सहकाऱ्यांचा. विद्यार्थ्यांच्या एका गटाने खरी उपकरणं वापरली, दुसऱ्याने परिपथाचं सिम्युलेशन. सिम्युलेशनवाले सरस ठरले. आपण हे एक वाक्य उचलतो आणि "म्हणून सिम्युलेशन प्रयोगशाळेपेक्षा चांगले" असं लिहितो.

पण दोन गोष्टी पाहा. एक, ते विद्यार्थी कोलोरॅडो विद्यापीठातले होते, नववीतले नव्हते. दोन, आणि ही जास्त महत्त्वाची, त्यांची परीक्षा फक्त कागदावर झाली नाही. सिम्युलेशनवर शिकलेल्यांना खऱ्या तारा आणि खरे दिवे देऊन परिपथ जोडायला आणि तो कसा चालतो ते लिहायला सांगितलं. म्हणजे मोजमाप साधनाच्या बाहेर जाऊन केलं. म्हणूनच त्या निष्कर्षाला वजन आहे. माझी चाचणी साधनाच्या आतच फिरत होती. मी निष्कर्ष उसना घेतला, पद्धत घेतली नाही.

तसंच १९९८ मध्ये टॉन डी याँग आणि वाउटर फान योलिंगेन यांनी सिम्युलेशनमधून शिकण्यावरच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला. मुलं कुठे अडतात हे त्यांनी मांडलं : परिकल्पना तयार करणं, प्रयोग आखणं, मिळालेल्या माहितीचा अर्थ लावणं, आणि आपल्या शिकण्यावर आपण लक्ष ठेवणं. माझ्या वर्गात पहिल्या तीन गोष्टी एका मुलीने आणि एका मुलाने करून दाखवल्या होत्या, पण सॉफ्टवेअरच्या बाहेर, पापडखाराच्या ग्लासात. आणि मी ती माहिती "प्रायोगिक चूक" म्हणून फेकली होती. २००६ मध्ये कर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांनी कमीत कमी मार्गदर्शनाच्या अध्यापनावर कडक टीका केली आणि पुढच्या वर्षी त्याला उत्तरं आली. तो वाद जरूर वाचा. वाचताना आपल्या वर्गापुरता प्रश्न असा ठेवा : मुलाचं निरीक्षण आणि पडदा यांच्यात भांडण झालं, तर तिथे मार्गदर्शन करणारा माणूस कोणाची बाजू घेतो? आम्ही दोघांनी पडद्याची घेतली.

संगणकाशिवायचा शोधही विसरू नका. आपल्या उत्तरेला मध्य प्रदेशात होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ मध्ये १६ शाळांतून सुरू झाला आणि २००२ पर्यंत चालला. साधं सामान, मुलांनी स्वतः केलेले प्रयोग. पण त्यांनी परीक्षाही बदलली होती. पुस्तक उघडून लिहायचा पेपर, आणि प्रयोगाची वेगळी परीक्षा. शिकवणं शोधाचं आणि परीक्षा पाठांतराची, असा दुटप्पीपणा त्यांनी ठेवला नाही. अलीकडचं उदाहरण म्हणजे मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने एमआयटी आणि टाटा ट्रस्ट्ससोबत उभा केलेला क्लिक्स उपक्रम. राजस्थान, छत्तीसगढ, मिझोराम आणि तेलंगणातल्या सरकारी शाळांसाठी, मुक्त सॉफ्टवेअरवर, इंटरनेटविना शाळेतल्याच सर्व्हरवर चालणारा. केंद्र मुंबईत, पण या चार राज्यांत महाराष्ट्र नव्हता. तुमच्यापैकी कोणाला विषय हवा असेल तर इथे एक आहे.

तर मग सिनॉप्सिसमध्ये काय लिहाल?

माझ्या चुकीतून निघालेल्या चार गोष्टी सांगते.

पहिली, सिम्युलेशनचं मॉडेल काय गृहीत धरतं हे अर्ध्या पानात स्वतःच्या शब्दांत लिहा. लिहिता येत नसेल तर ते सिम्युलेशन अजून निवडू नका. सोबत आवृत्ती क्रमांक आणि भाषा नोंदवा. उद्या कोड बदलला तर तुमचा निष्कर्ष कुठल्या साधनाबद्दल होता ते कळायला हवं. मराठी आवृत्तीत पुस्तकातला "सामू" आहे की "पीएच", हेही पाहा. नववीच्या मुलाला पहिला शब्द ओळखीचा असतो.

दुसरी, चाचणीतले निदान निम्मे प्रश्न असे ठेवा ज्यांचं उत्तर पडद्यावर मिळत नाही, वस्तू हातात घेऊनच मिळतं.

तिसरी, चुकीची उत्तरं फेकू नका. बरोबर-चूक गुण दिल्यावर उत्तरपत्रिका पुन्हा वाचा. एकच "चूक" अनेकांनी केली असेल तर कदाचित चूक तुमची आहे.

चौथी, सिम्युलेशन मोडेल असा एक तरी प्रयोग मुद्दाम आखा. आधी अंदाज लिहायला लावा, मग पडदा पाहा, मग ग्लास पाहा. दोन्ही जुळले नाहीत की थांबा आणि मुलांना बोलू द्या. पापडखार, डिस्टिल्ड पाणी आणि सामूचे कागद एवढ्यात हे होतं. (लोणारचं पाणी आणायला जाऊ नका, ते अभयारण्य आहे, परवानगीशिवाय नमुना घेता येत नाही.) मॉडेल म्हणजे काय आणि ते कुठे संपतं, हे शिकवायला मला यापेक्षा स्वस्त धडा अजून सापडलेला नाही.

माझा जुना सिनॉप्सिस मी मागे घेतला. एक सत्र गेलं, फेलोशिपचा अहवाल लिहिताना बरीच ओढाताण झाली. नवीन शीर्षकात "परिणाम" हा शब्द नाही. पडदा आणि वस्तू यांच्यात विसंगती आली की मुलं काय म्हणतात, कोणावर विश्वास ठेवतात आणि का, हा आता माझा प्रश्न आहे. टी-मूल्य यात कुठे बसेल हे मला अजून ठरवायचं आहे, पुढच्या आरएसीमध्ये ते विचारतीलच.

त्या शाळेत मी परत गेले होते. उत्तरपत्रिका सोबत नेल्या होत्या. प्रश्न क्रमांक सातमध्ये १० लिहिलेल्यांना गुण दिले आणि वर्गात सांगितलं की चूक माझी होती, कागद चांगले होते. शिक्षक म्हणाले, "मॅडम, मीच तर कागद जुने म्हणालो होतो," आणि स्वतःच हसले. ज्या मुलाने वहीत १० खोडून ९ केलं होतं, त्याने चाचणीतही ९ लिहिलं होतं. त्याचा गुण मी तसाच ठेवला, काढून कसा घेणार? पण त्याने विचारलं, "मॅडम, मंग माझं पयलं बरोबर होतं ना?"

हो, त्याचं पहिलंच बरोबर होतं.